मदत हवी आहे: वेलिंग्टन-पिक्टन फेरीबोटीवर मोटारहोम, सोबत आई आणि तिचं इन्सुलिन

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत मी, नवरा, मुलगा आणि माझी आई असे चौघं न्यूझीलंडला जातोय. ऑकलंडला मोटारहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) ताब्यात घ्यायची आणि क्राइस्टचर्चला परत द्यायची, म्हणजे उत्तर आणि दक्षिण बेटांमधली कुक सामुद्रधुनी ओलांडणं आलंच. वेलिंग्टन ते पिक्टन, साधारण साडेतीन तास. गाडी फेरीबोटीवर न्यायला हरकत नाही असं भाड्याने देणाऱ्यांनी लेखी कळवलंय. तिकडेही गाडी डावीकडूनच चालवतात आणि नवऱ्याला मोठ्या गाडीची सवय आहे, त्यामुळे रस्त्याची काळजी नाही. काळजी आहे ती बोटीची.

आई ७२ वर्षांची आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन घेते. तीन आठवड्यांचा साठा गाडीच्या फ्रीजमध्ये असणार. हा फ्रीज गाडी उभी असताना गॅसवर चालतो, आणि बोटीवर गॅस सिलिंडरपाशीच बंद करायचा असा नियम आहे. मग चढण्या-उतरण्यासकट त्या चार-पाच तासांत इन्सुलिनचं काय करायचं? बर्फाच्या पेटीत ठेवलं तर चालेल का?

दुसरं म्हणजे तिचे गुडघे. तीन-चार पायऱ्या चढली की थांबावं लागतं. ती म्हणते, "मी आपली गाडीतच पडून राहीन, तुम्ही वर जाऊन समुद्र बघा." असं राहू देतात का?

आणि एक. बुकिंग करताना गाडीची लांबी विचारतात. माहितीपत्रकात ७.२ मीटर आहे, पण मागे दोन सायकलींचा स्टँड लावणार आहोत. तो धरायचा की नाही?

दुपारच्या फेरीने निघून त्याच रात्री पिक्टनच्या पुढे, क्राइस्टचर्चच्या वाटेवर कायकोराला मुक्काम असा बेत आहे. कुणी हा प्रवास केला असेल तर कृपया सविस्तर लिहा. आईला न्यायचं हे माझं फार दिवसांचं मनात होतं, त्यात तिला त्रास व्हायला नको.

प्रतिसाद १

ताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी हाच प्रवास केला, सासूबाई बरोबर होत्या.

आईंना गाडीत राहता येणार नाही. बोट सुटली की गाड्यांचा डेक बंद करतात, मधे कुणालाही खाली सोडत नाहीत. त्यामुळे चष्मा, स्वेटर, गोळ्या, ग्लुकोमीटर, खायचं, सगळं एका पिशवीत आधीच काढून ठेवा. गुडघ्यांचं बुकिंगच्या वेळीच कळवा आणि बंदरावर चेक-इनला पुन्हा सांगा. आम्ही सांगितलं तेव्हा गाडी लिफ्टच्या जवळ लावून दिली. डेकवर गाड्या इतक्या खेटून उभ्या करतात की दार जेमतेम उघडतं, तेव्हा गाडी जागेवर लागण्याआधी आईंना दाराजवळच्या सीटवर बसवा.

सायकलींचा स्टँड लांबीत धरायचाच. आम्ही धरला नव्हता. रांगेत एका माणसाने टेप लावून मोजलं, फरकाचे पैसे भरावे लागले, आणि जागा शिल्लक होती म्हणून निभावलं. जानेवारीत तिकडे ऐन सुट्ट्यांची गर्दी असते, तेव्हा जागा असेलच असं नाही. गाडी हातात आली की स्टँड लावून स्वतः मोजा. उंचीसुद्धा, छपरावरच्या झडपेसकट.

चढताना रॅम्पवर अगदी सावकाश आणि सरळ जा. मोटारहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो, तो घासतो. दाराखालची सरकती पायरी आत घेतलीय ना ते उतरून बघा, आमची बाहेरच राहिली होती.

प्रतिसाद २

मी औषधांच्या दुकानात काम करते, म्हणून इन्सुलिनबद्दल लिहिते.

वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन फ्रीजबाहेर साधारण चार आठवडे चालतं, ३० अंशांच्या आत असलं म्हणजे झालं. प्रकारानुसार थोडा फरक असतो, पाकिटातला कागद वाचा. ते पेन आईंच्या पर्समध्येच राहू द्या. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत लागतो. त्यासाठी थंड पिशवी घ्या, पण बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळा, इन्सुलिन त्याला टेकता कामा नये. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. लोक उन्हाला घाबरतात, पण बर्फाने वाया गेलेलंच मी जास्त बघते. ही पिशवीही वर सोबत घ्या, गाडीत ठेवू नका.

बोट लागण्याची गोळी निघायच्या आधी द्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. मात्र डॉक्टरांना विचारूनच. आणि उलटी झाली, जेवण पोटात राहिलं नाही, तर इन्सुलिनचं काय करायचं तेही आत्ताच विचारून लिहून घ्या. माझ्या मते फ्रीजपेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

प्रतिसाद ३

गॅसबाबत: तो हवेपेक्षा जड असतो, गळला तर बंद डेकवर खालीच साचून राहतो, म्हणून तो नियम काटेकोर पाळा. आदल्या रात्री कॅम्पवर विजेच्या जोडणीवर फ्रीज चांगला गार करून घ्या आणि मग उघडू नका, दूध-भाजीला काही होत नाही. हँडब्रेक ओढा, गाडीचा अलार्म बंद करा (हेलकाव्यांनी वाजत राहतो), कपाटांच्या कड्या लावा.

कायकोराचा बेत मात्र बदला. दोन बेटांच्या फटीतून वारा जोरात घुसतो, लाटा वाढल्या की फेऱ्या उशिरा सुटतात किंवा रद्दच होतात. पिक्टनला मुक्काम करा. शक्य असेल तर सकाळची फेरी घ्या. शेवटचा तासभर बोट टोरी चॅनेल या अरुंद खाडीतून डोंगरांच्या आडोशाने जाते, तिथे पाणी शांत असतं. तोवर आईंना बोटीच्या मधल्या भागात बसवा, तिथे हेलकावे कमी लागतात.

धागाकर्ती

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. उलटी झाली तर काय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. सकाळच्या फेरीत जागा मिळाली, गाडीची लांबी स्टँडसकट ८ मीटर सांगितली आणि ताब्यात आल्यावर मोजून पक्की कळवणार आहे. कायकोराचं बुकिंग एक दिवस पुढे ढकललं. आईला सगळं वाचून दाखवलं. शांत पाण्याचं ऐकल्यावर म्हणाली, "मग त्या शेवटच्या तासाला मला खिडकीपाशी न्या."