तारीख बदला, आकडा राहू द्या

जानेवारीत ठरवलेलं ‘१० किमी एका तासात पळायचं’ जूनमध्येच गळपटलं, आता नाद सोडावा का, असं तुम्ही विचारलंय. सोडू नका, तारीख पुढे ढकला. किलोमीटरला सहा मिनिटं, तेही सलग दहा वेळा, हे काही चेष्टेवारी नेण्यासारखं नाही. मीही दोन वर्षं हाच आकडा धरून बसलो होतो. ठाण्यात उपवनला तळ्याकाठी सपाटीवर जमायचं, शेजारच्या येऊरच्या डोंगराचा चढ लागला की किलोमीटरला साडेसात-आठ मिनिटं. मन खट्टू व्हायचं.

आता फक्त किती दिवस बूट चढवले ते बघतो. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पळालो त्या दिवशी फुली. (दुधाचा खाडाही तिथेच फुलीने मांडतात, त्यावरून घरात एकदा वाजलंय.) महिनाअखेर फुल्या मोजायच्या, बारापेक्षा कमी भरल्या तर चुकलेल्या दिवसांपुढे कारण लिहायचं. गेल्या जुलैत सहा वेळा ‘पाऊस’ लिहिलंय. त्यातले दोन दिवस चांगले कोरडे होते!

आणि पावसाळ्यात येऊरला घड्याळ लावून पळू नका, शेवाळावरून पाय सटकतो. तोवर नुसतं अर्धा तास, पाऊण तास असं पळा. सहा मिनिटांचं बघू, ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर.