विडी वळणाऱ्या वहिनी, दहावी आणि गणित

प्रश्न: विडी घरकुलातल्या (सोलापूरची विडी कामगारांची वसाहत) आमच्या वहिनी आठवी शिकलेल्या, घरात तेलुगू. दहावी करायचीय म्हणतात, पण गणिताचं नाव काढलं की मांडीवरचं विड्यांचं सूप ठेवून चहा टाकायला उठतात! १७ नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून बोर्डाची दहावी द्यायचा) भरावा का?

– त्यात गणित टळत नाही. एनआयओएस (केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड) बघा. पाच विषय, गणित घ्यायलाच पाहिजे असं नाही, मराठी माध्यम आहे. पाच वर्षांत ९ संधी. निघालेला विषय पुन्हा द्यायचा नाही.

– गणित सोडू नका ओ. १००० विड्यांतल्या ५० मालकानं परत केल्या तर शेकडा किती, विचारा. चहा गाळायच्या आत उत्तर देतील.

– विचारलं. "पाच. आणि पैसे पण कापतो मेला!"