पोपट आजारी वडिलांच्या आवाजात हाक मारतो, काय करावे?

प्रश्न : इंदिरानगर, नाशिक

आमच्याकडे नऊ वर्षांचा आफ्रिकन ग्रे पोपट आहे. घरात त्याला राघू म्हणतात. कुकरची शिट्टी तो इतकी हुबेहूब काढतो की आई शिट्ट्या मोजून गॅस बंद करते आणि डाळ कच्ची राहते. एकदा तर त्याने घंटागाडीची घंटा वाजवून खालच्या मजल्यावरच्या दोन काकूंना कचऱ्याच्या बादल्यांसह गेटपर्यंत नेले होते. हे सारे आम्ही कौतुकाने सांगत असू.

गेल्या दिवाळीनंतर वडिलांना अर्धांगवायू झाला. ते हॉलमध्ये झोपतात आणि पिंजराही तिथेच आहे. रात्री पाणी हवे असले की ते थोडे खोकून "अगं, ऐकतेस का?" अशी हाक मारतात. महिन्याभरात राघूने तो खोकला आणि ती हाक दोन्ही उचलली, त्यामुळे आई रात्री चार-चार वेळा उठते. परवा पहाटे मात्र "राघूच असेल" असे समजून ती पडून राहिली आणि हाक वडिलांचीच निघाली. आईने ते मनाला फार लावून घेतले आहे. आम्ही राघूला रागावलो, पिंजऱ्यावर पाणी शिंपडले, तरी हाका वाढतच आहेत. नातेवाईक पोपट देऊन टाका म्हणतात, पण वडील तयार नाहीत, कारण दिवसभर त्यांच्याशी बोलणारा तोच आहे.

उत्तर १ : गंगापूर रोड

कृपया रागावणे आणि पाणी शिंपडणे आजच थांबवावे. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे. रानात तो हाक मारतो आणि थव्यातून उत्तर आले की निश्चिंत होतो. आता आपले घरच त्याचा थवा आहे आणि ज्या हाकेला सर्वांत लवकर कोणीतरी धावून येते, ती त्याने निवडली आहे. दिवा लागणे, आईची पावले, अगदी रागावणेसुद्धा त्याच्या दृष्टीने उत्तरच असते.

या पक्ष्याला रोज दहा ते बारा तास अंधारात, शांतपणे झोप लागते, आणि आजारी माणसाच्या खोलीत ती मिळणे कठीण आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास पिंजरा आतल्या खोलीत न्यावा. स्वयंपाकघरात मात्र ठेवू नये, कारण जास्त तापलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने पोपट काही मिनिटांत दगावू शकतो.

वडिलांना हाताशी घंटा दिली तर तो तिचीही नक्कल करेल. त्याऐवजी असे वायरलेस बटण द्यावे की ते दाबताच आईच्या उशाशी दिवा लागेल किंवा यंत्र थरथरेल. उजेडाची नक्कल त्याला करता येत नाही.

उत्तर २ : पंचवटी

पोपट देऊन टाकणे इतके सोपे नाही. आफ्रिकन ग्रे हा साईट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. 2024 च्या नियमांनुसार अशा पक्ष्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते आणि तो दुसऱ्याकडे गेल्यास तेही कळवावे लागते. आपल्याकडचा हिरवा पोपट तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळताच येत नाही, म्हणून "याच्याऐवजी तो आणा" हा सल्लाही कोणी मानू नये.

उत्तर ३ : कॉलेज रोड

हाक नुसती बंद पाडण्यापेक्षा तिच्या जागी दुसरा आवाज द्यावा. पक्ष्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांनी अ‍ॅलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेला शंभरहून अधिक शब्द शिकवले. त्यांच्या पद्धतीत दोन माणसे एकमेकांशी तो शब्द बोलतात आणि पोपट ते पाहून शिकतो. आपल्याकडे वडील आणि एखादे नातवंड हे काम करू शकतील. दोघांनी एकमेकांना छोटी शिट्टी किंवा "राम राम" म्हणावे आणि राघूने ते म्हटले की लगेच पेरूची फोड द्यावी. त्याने वडिलांची हाक काढली तर कोणी त्याच्याकडे पाहूही नये. सुरुवातीचे काही दिवस तो अधिक जोरात ओरडेल. त्या दिवसांत एकदा जरी धावलात, तरी "जास्त ओरडले की येतात" एवढेच तो शिकेल.

मूळ प्रश्नकर्ता, तीन आठवड्यांनी

बटण बसवले आहे आणि राघू आत झोपतो. आईला रात्री एकदाच उठावे लागते, तेही दिवा लागल्यावर. दिवसा मात्र त्याची हाक अजून येते आणि वडील दर वेळी प्रेमाने "काय रे राघू?" म्हणतात. त्यांनीही उत्तर द्यायचे नाही का?

उत्तर ३

त्या हाकेला सध्या त्यांनीही देऊ नये. "राम राम"ला मात्र प्रत्येक वेळी सर्वांत आधी त्यांनीच उत्तर द्यावे.