आरओ (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याच्या माशांच्या टँकमध्ये तुरटी टाकायची, तर सोबत सिलिका देऊन भागेल का?

कोथरूड_टेट्रा: 100 लिटरचा टँक, निव्वळ आरओ पाणी, केएच (पीएच टिकवणारे बायकार्बोनेट) 0, पीएच 5.5. माती हलल्याने पाणी गढूळ आहे. 2 ग्रॅम तुरटी टाकायचा विचार आहे. सिलिका असली की तुरटीतलं ॲल्युमिनियम माशांना बाधत नाही असं वाचलंय. सोडियम सिलिकेट किती घालू?

रसायनपेटी: वाचलंय ते खरं आहे. 1989 मध्ये बर्चल, एक्स्ली वगैरे संशोधकांनी सॅमनच्या पिलांवर हे दाखवलं: पीएच 5 च्या आसपास, ॲल्युमिनियमच्या साधारण 13 पट सिलिकॉन (वजनात नव्हे, मोलमध्ये म्हणजे अणूंच्या संख्येत) असलं की पिलं वाचली. ॲल्युमिनियम कल्ल्यांवर बसतं, क्षार गळतात, श्लेष्म साचून श्वास अडकतो. सिलिसिक आम्ल (पाण्यात विरघळलेली सिलिका) त्याला हायड्रॉक्सीॲल्युमिनोसिलिकेट या संयुगात बांधतं. पण जोडी जमते ती ॲल्युमिनियमच्या हायड्रॉक्साइड रूपाशी, सुट्या आयनाशी नाही, आणि सावकाश जमते. त्यामुळे दोन्ही एकदम ओतून लगेच निर्धास्त होता येत नाही.

आता तुमचा हिशोब. पोटॅश तुरटीत ॲल्युमिनियम 5.7 टक्के. 2 ग्रॅम म्हणजे लिटरला 1.14 मिग्रॅ, 42 मायक्रोमोल. 13 पटीने 550 मायक्रोमोल सिलिकॉन. 100 लिटरला पेंटाहायड्रेट सोडियम मेटासिलिकेट (सोडियम सिलिकेटचा एक प्रकार) जवळजवळ 11.7 ग्रॅम.

कोथरूड_टेट्रा: तेवढं घातलं तर?

रसायनपेटी: मेटासिलिकेट कडक अल्कली. ते उदासीन करायला 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल 110 मिली लागेल, म्हणजे लिटरला 25 मिग्रॅ सोडियम आणि 39 मिग्रॅ क्लोराइड आलंच. मग आरओ केलं कशाला? शिवाय उदासीन करताना द्रावण लिटरला 2 मिलिमोलच्या बरंच वर असेल तर सिलिका आपापसात जुळते, प्रसंगी जेल होतं, आणि असली सिलिका ॲल्युमिनियमच्या कामाची उरत नाही. ते टाळायचं तर निदान 27 लिटर द्रावण करावं लागेल! सिलिका चाचणीही (मोलिब्डेटची) फक्त सुटं सिलिसिक आम्ल मोजते, त्यामुळे टाकली किती आणि दिसली किती यात तफावत पडते.

मुठाकाठ: तुरटीच टाळा. केएच 0 ला ती पीएच आणखी पाडते, आणि 5.5 ला सगळं ॲल्युमिनियम गोळे बनून खाली बसत नाही, काही विरघळलेलं उरतं. फिल्टरमध्ये दाट पॉलिस्टर फायबर लावा, काळा पडला की बदला, रोज 20 टक्के पाणी बदला.

सिलिका हवीच असेल तर पुण्याच्या बेसाल्टातलं बोअरचं पाणी तीन भाग आरओत एक भाग मिसळा. सिलिका आणि बायकार्बोनेट दोन्ही फुकट. आधी नायट्रेट तपासा, वस्तीतल्या बोअरला ते बरेचदा जास्त निघतं.

तुरटी आधीच पडली असेल तर मासे वेगळ्या पाण्यात काढा, मगच पीएच वाढवा. मासे आत ठेवून 5.5 वरून 6.5 कडे ओढलं तर ॲल्युमिनियम तेव्हाच जुळू लागतं आणि थेट कल्ल्यांवर बसतं. देशी बदामाची (कॅटापाची) पानं घालत असाल तर चालू ठेवा, त्यांतली ह्युमिक (पानं कुजून सुटणारी) द्रव्यं थोडं ॲल्युमिनियम धरून ठेवतात.