पुण्यात महिना कसा निघतो? आकड्यांसकट सांगा

धायरीकर:
२०२५ च्या जूनमध्ये आम्ही पुण्यातलं पाचवं घर सोडून सहाव्यात आलो. आधी कोथरूड, मग कर्वेनगर, वारजे, वडगावात दोन इमारती आणि आता धायरी. नकाशावर रेघ ओढली तर ती सरळ शहराबाहेर जाताना दिसेल. कोथरूडला असताना खिडक्यांना हौसेने पडदे शिवून घेतले होते. तेच पडदे अजून वापरते. प्रत्येक घराची खिडकी वेगळी, त्यामुळे कधी खालची दुमड उसवायची, कधी पुन्हा घालायची. आता उन्हात धरले की जुन्या दुमडींच्या चार रेघा दिसतात, एकीखाली एक.

मी डेक्कनजवळच्या एका शाळेत लिपिक आहे, हे कात्रजला एका छोट्या वर्कशॉपमध्ये. दोघांचे मिळून सत्तेचाळीस हजार हातात येतात, मुलगी आठवीत आहे. वडगावच्या घराचं भाडं साडेसोळा हजारांवर गेलं, म्हणून इथे तेरा हजारांत आलो. साडेतीन हजार वाचणार, या हिशेबाने. मग वहीत लिहायला लागले. टँकरची वर्गणी महिन्याला आठशे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हापासून प्यायला नळाचं पाणी घ्यायचा धीर होत नाही. जारचे सहाशे. ह्यांचं पेट्रोल नऊशेने वाढलं. म्हणजे साडेतीन हजारांतले तेवीसशे गेले, उरले बाराशे. त्या बाराशे रुपयांसाठी आम्ही दोघं रोज मिळून दीड तास जास्त रस्त्यावर असतो. घर बदललं त्याच जूनमध्ये पीएमपी बसचा मासिक पास नऊशेवरून पंधराशेवर गेला. तो कुठेही राहिले असते तरी लागलाच असता, म्हणून या हिशेबात धरला नाही.

भाजी, किराणा महाग झालाय हे खरंच आहे, पण तिथे हात आखडता घेता येतो. वांगी महाग तर दुधी आणते. घरभाड्याला दुधी नाही. म्हणून विचारावंसं वाटलं, भाडं कमी म्हणून लांब गेलेल्यांच्या हातात खरोखर काही उरतं का? आणि जे गावातच राहिलेत ते कसं निभावतात? गोल गोल नको, आकड्यांत सांगा.

जिंतूरचा:
ताई, मी तिसरं वर्ष नवी पेठेत आहे, एमपीएससी करतोय. माझा हिशेब सोपा आहे. कॉट ३८००, अभ्यासिका १२००, मेस दोन वेळची ३४००. झाले ८४००. घरून नऊ हजार येतात. उरलेल्या सहाशेत चहा, झेरॉक्स, मोबाईल आणि साबण. आमच्या खोलीत सहा कॉट आहेत, खिडकी एक. खिडकीजवळच्या कॉटला दोनशे जास्त पडतात. ती मी घेतली नाही.

स्वस्तात राहायचं तर कात्रज, आंबेगावला दीड हजार कमी पडतात. पण अभ्यासिका इथं, क्लास इथं, कोण कुठलं पुस्तक वाचतंय ते कळतं इथं. रात्री अकराला अभ्यासिकेतून उठलं की पाच मिनिटांत अंग टाकता येतं. ती पाच मिनिटं मी पैसे देऊन घेतलीत असं समजा.

आम्हाला महागाई परीक्षेच्या तारखेत कळते. तारीख दोन महिने पुढं गेली की अठरा हजार गेले. बापाला फोन करून "अजून दोन महिने" म्हणायचं, तेव्हा तो एवढंच म्हणतो, "बरं." सोयाबीनला काय भाव मिळाला हे मी विचारत नाही, तोही सांगत नाही.

रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. आई ट्रॅव्हल्सच्या गाडीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी ठेवून देते, पहाटे स्वारगेटला जाऊन घ्यायची. पावाबरोबर ती चटणी, हे आमचं रविवारचं जेवण. सहाही जण खातात, म्हणून बरणी दोनच रविवार पुरते.

गोखलेनगर:
जिंतूरच्या मुला, तुझं वाचून राहवलं नाही. माझे वडील शिकायला पुण्यात आले तेव्हा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणाचा वार चुकला की त्या दिवशी पाण्यावर. पुढे १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली, खेड्यांतून आलेल्या मुलांची राहण्याजेवण्याची सोय झाली. समिती आजही आहे. विद्यापीठात आणि कॉलेजांत 'कमवा आणि शिका' योजनाही आहे. तुझ्या मागे कोणी भाऊबहीण कॉलेजसाठी येणार असेल तर प्रवेशाच्या आधीच चौकशी कर. उशीर झाला की जागा राहत नाहीत.

आमचं स्वतःचं सांगायचं तर १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठचं बिऱ्हाड वाहून गेलं. मग इथे पूरग्रस्तांच्या वसाहतीत आलो. अर्धगोल छपराची निसेन हट, उन्हाळ्यात आत भट्टी. तेव्हा नातेवाईक म्हणत, "केवढ्या रानात गेलात!" आज हे रान गावाच्या मध्यावर आहे. आमचा म्हातारपणीचा खर्च भागतो तो पेन्शनमुळे नव्हे, घर आपलं आहे म्हणून. बाकी औषधांना महिन्याला सहा हजार लागतात.

एक उपयोगाची गोष्ट. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत असते. मधे ती थांबली होती, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. नवीन घर घेतलेल्यांनी पीटी-३ अर्ज भरला आहे ना, हे बघावं. माझ्या पुतण्याने भरला नव्हता आणि दोन वर्षं पूर्ण कर भरत राहिला.

पर्वतीच्या पायथ्याशी:
मी आईच्या वतीने लिहितेय. ती शेजारी बसून सांगतेय, मी टाइप करतेय. आम्ही जनता वसाहतीत राहतो, दहा बाय बाराची खोली, भाडं पाच हजार. आई दांडेकर पूल ते दत्तवाडी या भागात पाच घरची कामं करते, धुणं, भांडी, केरफरशी. सगळं मिळून साडेअकरा हजार. बाबा नाहीत. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी एका दुकानात बिलिंगला बसते, त्याचे साडेसहा हजार. रेशनचा तांदूळ-गहू फुकट मिळतो, माणशी पाच किलो. तेल, डाळ, गॅस विकत.

दोन वर्षांत आईचा पगार वाढला नव्हता. मागच्या महिन्यात तिने प्रत्येक घरी कामामागे शंभर रुपये वाढवून मागितले. आदल्या रात्री तिने माझ्यासमोर बोलून बघितलं, "ताई, सगळंच वाढलंय, तर…" आणि दर वेळी "तर"पाशी थांबायची. मी म्हटलं, "आई, 'तर' म्हणूच नकोस. सरळ आकडा सांग." तीन घरांनी लगेच वाढवले. एका आजींनी तर दीडशे दिले, म्हणाल्या, "तूच आधी का नाही बोललीस?" एका घरी 'पुढच्या महिन्यात बघू' झालं. पाचव्या घरचं काम सुटलं. आई दोन दिवस गप्प होती, तिसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीत नवीन काम धरलं.

माझी आजीही हेच काम करायची. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा ती मोर्चाला गेली होती. हक्काची सुट्टी आणि दिवाळीचा पगार मागायला आपण तिथे शिकलो, असं ती सांगायची.

धायरीच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर आईच्या शब्दांत: "लांब पक्कं घर देतो म्हणाले तरी मी विचार करीन. इथून पाचही घरं चालत होतात. बसने जायचं झालं तर दोन घरं तिकिटात आणि वेळात जातील."

वाकड, तिसरा मजला:
आम्ही भाड्याचे चौतीस हजार देत होतो, म्हणून घर घ्यायचं ठरवलं. पासष्ट लाखांचं. घर बघताना या वरच्या खर्चाचं कोणी नीट बोलत नाही, म्हणून मांडतो. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ५५ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत असल्याने जीएसटी ५ टक्के, ३ लाख २५ हजार. पासष्ट लाखांच्या वर हे आठ लाख दहा हजार. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं असतं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, पासष्ट हजार वाचले असते. आम्हाला ते करार झाल्यावर कळलं. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली तयार इमारत असेल तर जीएसटी लागत नाही, तेही आधी विचारा.

पगार चांगले आहेत, तक्रार करायला तोंड नाही. पण हप्ता आणि पाळणाघर मिळून एकाचा पूर्ण पगार जातो.

तीनचाकी:
पंधरा वर्षं रिक्षा चालवतोय. मीटर सप्टेंबर २०२२ पासून पंचवीस रुपयांचं, पहिल्या दीड किलोमीटरला, पुढं सतरा. सीएनजीला रांगेत थांबतो तो वेळ कुणाच्याच मीटरवर पडत नाही. ॲपवर भाडं मारलं तर हातात काय येणार ते आधी कळत नाही. सगळेच रिक्षावाले अडवतात असं नका म्हणू. रात्री सव्वादहाला एकट्या बाईला धायरी फाट्यावर सोडून मोकळी रिक्षा घेऊन मी अप्पर इंदिरानगरला येतो, ते मीटरनेच. माझ्या घरात पण दोन मुली आहेत.

कोंढवा:
भाडेकरूंसाठी थोडक्यात. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, आणि ती जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकावर टाकली आहे. शहरात नोंदणी फी एक हजार, मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्याच्या पाव टक्का. तेरा हजारांच्या अकरा महिन्यांच्या कराराला हे शुल्क चारशेच्या आतच बसतं, डिपॉझिट फार मोठं नसेल तर. एजंट तीन-साडेतीन हजार सांगतो, तेव्हा आकडा फोडून मागा. शिवाय चोवीस महिन्यांचा करार करता येतो, वाढीची टक्केवारी त्यातच लिहून घेता येते. निदान दोन वर्षं टेम्पो बोलवावा लागत नाही.

धायरीकर:
सगळं वाचलं, काही दोनदा वाचलं. पर्वतीच्या आईंचं बोलणं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. चालत जाता येईल एवढं अंतर म्हणजेही पैसेच, हे मी वहीत कधी मांडलंच नव्हतं. वडगावच्या घराचे ते जास्तीचे साडेतीन हजार भाडं म्हणून बघत होते, त्यात पाणी होतं, संध्याकाळ होती, मुलीचा अभ्यास घ्यायचा तास होता.

कोंढव्याचा सल्ला मानून रविवारी मालकांशी बोलले. चोवीस महिन्यांना ते तयार नाहीत, "मुलगा परत यायचाय" म्हणाले. पण नोंदणीची पावती त्यांनी दाखवली आणि एजंटने आमच्याकडून घेतलेल्या जास्तीच्या पैशांबद्दल आपण होऊन त्याला फोन केला. काय होतं ते कळवीन.

जिंतूरच्या दादा, आमच्याकडे रविवारी रात्री भाकरी असते. महिन्यातून एक रविवार तू आणि खोलीतले पाच जण या. निरोप पाठव, पत्ता देते. चटणी मात्र तुमची आणा.

करार मे महिन्यात संपतो. पडदे अजून शिवले नाहीत, टाचण्याच लावल्यात.