‘तीसचे साठ’ ही टिप नेमकी कुणाच्या कामाची?

फ्रेममोजणी
परवा ‘जुनंकार्ड’ यांनी टाकलेली टिप दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय. टिप थोडक्यात अशी: “गेम तीस एफपीएसवर रडतोय? कार्ड बदलू नका. फ्रेम जनरेशन ऑन करा, तीसचे साठ होतात, तेही फुकटात.” नवख्यांसाठी: एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं (फ्रेम), आणि फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मधे ग्राफिक्स कार्डाने स्वतः बनवून घातलेली फ्रेम. टिपेखाली धन्यवादांची रांग लागली. त्या रांगेतले लोक आज रात्री ही सेटिंग चालू करणार, गेम हाताला जड लागणार, आणि आपलाच हात चालत नाही असं त्यांना वाटणार.

मला वाटलं होतं. तीन आठवडे एका बॉसपाशी अडकलो होतो. वार करण्याआधी त्याचा उजवा खांदा किंचित मागे जातो, तेवढ्यात पॅरी, म्हणजे वार अडवायचं बटण, दाबायची असते. कोपऱ्यातला आकडा बावन्नच्या आसपास, हालचाल एकदम गुळगुळीत. खांदा मागे गेला की मी बटण दाबायचो आणि तरी वार बसायचा. दर वेळी. शेवटी फ्रेम जनरेशन बंद केलं, सावल्या आणि रिफ्लेक्शन हायवरून मीडियमवर आणले, खरे पंचेचाळीस मिळाले. चौथ्या प्रयत्नात बॉस पडला. हात तोच, कंट्रोलर तोच.

कारण सरळ आहे. मधली फ्रेम बनवायची तर दोन्ही टोकांच्या फ्रेम आधी हातात हव्यात. म्हणजे पुढची तयार होईपर्यंत आधीची अडवून ठेवायची. तीस एफपीएसला एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची, साठला १६.७ ची. त्यामुळे ही अडवणूक तीसला बोचते आणि शंभरला जाणवतही नाही. शिवाय त्या मधल्या फ्रेममध्ये तुम्ही दाबलेलं बटण नसतंच, कारण गेमने ते अजून वाचलेलं नसतं. आणि फुकट तर अजिबात नाही. मधल्या फ्रेम बनवायलाही तेच कार्ड राबतं. माझ्याकडे तीसचे आधी सव्वीस झाले, मग सव्वीसचे बावन्न. वर व्हीआरएएमही, म्हणजे कार्डाची मेमरी, खातं, म्हणजे आठ जीबीच्या कार्डावर आधीच श्वास कोंडलेला गेम आणखी अडखळतो.

कार्ड बनवणाऱ्या एएमडीने फ्रेम जनरेशन असलेलं एफएसआर ३ आणलं तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की हे चालू करण्याआधी साठच्या आसपास फ्रेम असाव्यात. ज्यांना गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच हे सगळ्यात कमी उपयोगी. टिप नेमकी उलटी आहे.

जुनंकार्ड
माझं नाव घेऊन लिहिलंत, तर पोस्ट तरी पूर्ण वाचायची. “कथेचे गेम खेळणाऱ्यांसाठी” असं पहिल्याच ओळीत आहे. पॅरी करायला मी कुणाला सांगितलं नव्हतं.

माझं कार्ड सात वर्षांचं आहे. मुलगी झोपली की रात्री तासभर मिळतो. त्या तासात मला जंगलातून घोडा न्यायचा असतो, नकाशाचे कोपरे बघायचे असतात. तीसवर कॅमेरा फिरवला की सगळं फरफटतं, फ्रेम जनरेशनवर फरफटत नाही. एवढंच मला कळतं आणि तेवढं मला पुरतं. मिलिसेकंद मोजत बसणाऱ्यांना आमच्यासारख्यांचे गेम गेमच वाटत नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

आणि रिफ्लेक्सबद्दल एक अक्षर नाही? लेटन्सी, म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर, कमी करणारी सोय आहे ती. एनव्हीडियाच्या फ्रेम जनरेशनसोबत रिफ्लेक्स आपोआप चालू होतं. वाढलेली लेटन्सी बरीचशी तिथेच भरून निघते.

फ्रेममोजणी
ओळ नजरेतून सुटली, चूक माझी. पण शीर्षकात ‘कुठलाही गेम’ लिहिलंय आणि लोक शीर्षक वाचून सेटिंग बदलतात.

रिफ्लेक्सचं म्हणाल तर ते फ्रेम जनरेशनशिवायही चालू करता येतं. तुलना करायची तर रिफ्लेक्स दोन्हीकडे चालू ठेवून करा. एका बाजूला बंद ठेवायचं, दुसऱ्या बाजूला चालू, आणि मग ‘बघा, फरकच नाही’ म्हणायचं, ही मोजणी नव्हे.

शिवाय सात वर्षांच्या कार्डावर एनव्हीडियाचं फ्रेम जनरेशन चालतच नाही. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेसोबत आलं आणि त्याआधीच्या कार्डांना मिळालेलं नाही. म्हणजे तुम्ही एक तर एफएसआर ३ वापरताय किंवा लॉसलेस स्केलिंग नावाचं वेगळं सॉफ्टवेअर बाहेरून लावताय. मग रिफ्लेक्स तुमच्याकडे आपोआप चालू कुठून होणार?

जुनंकार्ड
लॉसलेस स्केलिंग. ठीक आहे, रिफ्लेक्सचा मुद्दा माझ्या मशीनला लागू नाही. घोड्याचा आहे.

मंदचाल
मला दोघांशीही भांडायचंय.

चाळीसच्या खाली फ्रेम गेल्या की मला मळमळतं. अतिशयोक्ती नाही. पहिल्या व्यक्तीच्या नजरेतला गेम असेल तर वीस मिनिटांत कपाळावर घाम येतो, मग तासभर आडवं पडावं लागतं. फील्ड ऑफ व्ह्यू वाढवलं, मोशन ब्लर बंद केला, चालताना डोकं डोलतं तेही बंद केलं. थोडा फरक पडला. खरा फरक फ्रेम जनरेशनने पडला. पहिल्यांदा एक गेम शेवटपर्यंत बघितला. माझं बटण तीस मिलिसेकंद उशिरा पोचतं की पन्नास, मला घेणंदेणं नाही. मी कोडी सोडवते, तलवारी चालवत नाही.

तेव्हा ‘टिप उलटी आहे’ हे वाक्य मागे घ्या, दादा. तुमच्यासाठी उलटी आहे.

पण ‘जुनंकार्ड’, तुमच्या टिपेमुळेच मी लॉसलेस स्केलिंग लावलं आणि कोपऱ्यातले आकडे, मिनी-नकाशा, संवादांची अक्षरं कडेने वितळल्यासारखी दिसायला लागली. ते बाहेरून चालतं, काय हलतंय आणि काय स्थिर आहे याची माहिती गेमकडून त्याला मिळत नाही, हे मला नंतर समजलं. पोस्टमध्ये याचा उल्लेख हवा होता. गेममध्येच एफएसआर ३ ची सोय असेल तर आधी ती वापरा, हे मी दोन दिवस डोळे चोळून शिकले.

तळघर
तुम्ही आपसात भांडताय आणि ज्यांनी हे लादलं ते मोकळे. ‘मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स’ २०२५ मध्ये पीसीवर आला, कुठल्या मशीनवर नीट चालेल ते सांगणाऱ्या त्याच्या रेकमेंडेड तक्त्यात १०८० पीला साठ एफपीएस लिहिलं होतं, आणि शेजारी ‘फ्रेम जनरेशन चालू असताना’. म्हणजे खरे किती? जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग स्टेजवरून सांगतात की नवं ५०७० कार्ड म्हणजे आधीच्या पिढीतल्या सगळ्यात तगड्या ४०९० ची ताकद. त्या वाक्यातही मधल्या फ्रेमच मोजलेल्या. मलमपट्टीलाच औषध ठरवलं यांनी. स्टुडिओंनी ऑप्टिमाइज करणं सोडलंय. आळस, दुसरं काही नाही.

पडद्यामागे
आळस हा शब्द माझ्यासमोर तरी वापरू नकोस. मी एका मध्यम स्टुडिओत रेंडरिंगचं काम करतो. शेवटचे चार महिने आम्ही सहा जण फक्त अडखळणं शोधत होतो. एक दार उघडलं की ऐंशी मिलिसेकंदांचा झटका बसायचा. कारण काय, तर दारापलीकडच्या एका धुराच्या इफेक्टचा शेडर, म्हणजे तो रंगवणारा छोटा प्रोग्राम, त्या क्षणी पहिल्यांदा कंपाइल होत होता, कार्डाला चालेल असा तयार होत होता. कन्सोलवर हार्डवेअर एकच, शेडर आधीच तयार करून देता येतात. पीसीवर कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, प्रत्येकाच्या मशीनवर ते तिथेच बनवावे लागतात. म्हणून सुरुवातीला ‘शेडर तयार होत आहेत’चा पट्टा दिसतो. लोक तो मधेच सोडून आत शिरतात आणि मग गेम अडखळतो म्हणून शिव्या देतात. हातात धरून खेळायच्या स्टीम डेकवर हा त्रास कमी दिसतो, कारण तिथे एकच हार्डवेअर आहे आणि तयार शेडर डाउनलोड होऊन येतात.

तक्त्यात फ्रेम जनरेशन धरून साठ लिहिणं चूक आहे, हे मी आमच्या बैठकीतही बोललो होतो. माझं चाललं नाही. पण तो निर्णय आणि शेडर शोधणारी माणसं एकच नव्हेत.

सीडीपेटी
हे सगळं दुय्यम आहे. गेम अर्धवट बाहेर का येतो? कारण नंतर पॅच देता येतो. आणि पॅच का देता येतो? कारण गेम तुमचा नसतोच. माझ्या कपाटात १९९८ पासूनच्या डिस्क आहेत. त्यातली एक गेल्या महिन्यात लावली, चालू झाली. उलट नऊ वर्षांपूर्वी रीतसर विकत घेतलेला एक गेम आज लायब्ररीत नुसता नाव म्हणून पडलाय. लाँच केला की ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’. एकट्याने खेळायचा गेम होता. माझी दोनशे तासांची सेव्ह कुठे गेली, विचारायला कुणी नाही.

तळघर
‘द क्रू’चं तेच. २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, एकट्याने गाडी चालवायची सोयसुद्धा गेली. मग लोकांच्या लायब्ररीतून परवानाही काढून घेतला.

पडद्यामागे
सर्व्हरचं सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये बांधून हातात द्यायचं, असं नसतं. त्यात दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, मॅचमेकिंग (खेळाडू जुळवणं) वेगळ्या ठिकाणी, खाती वेगळ्या ठिकाणी. दहा वर्षांनी ते सोडवून द्यायला ते लिहिणारी माणसंच उरलेली नसतात.

सीडीपेटी
मग पहिल्या दिवशी तसं सांगा. ‘विकत घ्या’ असं बटण ठेवू नका. आम्ही मोठ्या ऑनलाइन गेमचे सर्व्हर कायम चालवा म्हणत नाही. एकट्याने खेळायचा भाग तरी चालू राहील, एवढी सोय करून जा. ‘द क्रू’वरून इतकी ओरड झाली तेव्हा ‘द क्रू २’ला ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर झालंच ना? म्हणजे जमतं. इच्छा लागते. विकलेले गेम बंद पाडू नका म्हणणाऱ्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’च्या युरोपातल्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या, त्या काय रिकामटेकड्यांच्या?

पडद्यामागे
रिकामटेकडे मी म्हटलं नाही. सही मीसुद्धा केली असती, पण अर्ज लिहिणाऱ्यांनी नवीन गेम आणि जुने गेम यांत अधिक स्पष्ट रेघ ओढायला हवी होती. नवीन गेम आखताना शेवटाची सोय आधीच ठेवणं अवघड नाही. जुन्यात ती मागाहून घालणं फार अवघड आहे.

सीडीपेटी
नवीन गेमपुरतं तरी मान्य केलंत. लिहून ठेवतो.

तळघर
डिस्कचं कौतुक मात्र पुरे. २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ डब्यातून आला होता, तरी स्टीम या ऑनलाइन दुकानात अ‍ॅक्टिव्हेट केल्याशिवाय चालत नव्हता. डबा आहे म्हणजे गेम आपला, हे तेव्हाच संपलं. आणि पीसीच्या डिस्कवर कॉपी-प्रोटेक्शन होतं, त्यातल्या काही गेमचे ते कॉपी-प्रोटेक्शनचे ड्रायव्हरच नव्या विंडोजवर चालत नाहीत. तुमची एक डिस्क चालली म्हणून सगळ्या चालतात असं नाही.

सीडीपेटी
चार चालल्या नाहीत, खरं आहे. त्या चार मी जीओजी या ऑनलाइन दुकानातून पुन्हा घेतल्या. तिथे डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, नाही, इन्स्टॉलर उतरवून वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवता येतो. तो माझाच म्हणेन मी, कागदावर काहीही लिहिलेलं असो. स्टीमवर ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरण्याआधी स्पष्ट लिहिलेलं येतं की तुम्हाला परवाना मिळतोय. निदान खरं सांगतात. वीस वर्षं उशीर केला.

फ्रेममोजणी
मालकीवर तुम्हाला लागेल तेवढं बोला, मी सीडीपेटींच्याच बाजूचा आहे, पण वेगळ्या धाग्यात. इथे एक साधा प्रश्न होता: तीसवर अडकलेल्या माणसाला काय सांगायचं?

सीडीपेटी
साधा प्रश्न तुमचा. माझे दोनशे तास गेलेत.

पाचवाप्रयत्न
मला सांगा, मीच तो. जुनंकार्ड यांची टिप वाचून काल एफएसआरचं फ्रेम जनरेशन चालू केलं. आधी बरे पन्नास-साठ मिळत होते, आता आकडा कायम साठ आहे आणि माऊस मधातून फिरवल्यासारखा लागतो. कार्ड खराब होतंय का?

फ्रेममोजणी
मॉनिटर किती हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो? आणि व्ही-सिंक, फ्रेम त्याच आकड्याला बांधणारी सेटिंग, चालू आहे?

पाचवाप्रयत्न
मॉनिटर १४४ चा घेतला होता. व्ही-सिंक चालू आहे.

फ्रेममोजणी
विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट काय दिसतो?

पाचवाप्रयत्न
६०.

फ्रेममोजणी
झालं तर. साठच्या पडद्यावर व्ही-सिंक लावून फ्रेम जनरेशन चालू केलंत तर एकूण फ्रेम साठच्या पुढे जाणार नाहीत. त्यातल्या निम्म्या बनवलेल्या. म्हणजे खऱ्या पन्नास-साठवरून तुम्ही खऱ्या तीसवर आलात. ‘फुकटात’ म्हणतात ते हे.

फ्रेम जनरेशन बंद करा. रिफ्रेश रेट १४४ करा. केबल मदरबोर्डच्या पोर्टला नाही ना, कार्डालाच आहे ना, ते मागे हात घालून बघा. मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघा. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू केलेलं नसेल तर रॅम विकत घेतलेल्या वेगाने धावतच नसते. आणि रॅमच्या किती काड्या आहेत? एकच असेल तर ती सिंगल चॅनेलवर चालते, प्रोसेसर उपाशी राहतो. हे सगळं झाल्यावर डीएलएसएस (एनव्हीडियाचं) किंवा एफएसआरचं अपस्केलिंग, म्हणजे चित्र लहान काढून मोठं करणं, क्वालिटीवर ठेवा. तिथे खऱ्या फ्रेम वाढतात, हाताला लागतात. रजिस्ट्री साफ करणारी आणि ‘गेम बूस्टर’ नावाची काही उतरवली असतील तर काढून टाका.

जुनंकार्ड
पोस्ट बदलतोय. शीर्षकातून ‘कुठलाही गेम’ काढलं, ‘फुकटात’ही काढलं. पॅरी, नेमबाजी, रेसिंग असेल तर लावू नका, ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर लावू नका, असं वर टाकतोय. मंदचाल ताईंनी सांगितलेलं अक्षरांचं वितळणंही टाकतोय. माझ्या घोड्याबद्दलचं वाक्य काढणार नाही.

फ्रेममोजणी
काढू नका. ‘टिप उलटी आहे’ ऐवजी ‘वेगवान गेमसाठी उलटी आहे’ असं वाचा. मंदचाल, मळमळीचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. चाळीसच्या खाली खऱ्या फ्रेम असताना तुम्हाला बरं वाटलं, हे मला अजून पटायला जड जातंय, पण डोकं तुमचं आहे.

मंदचाल
पटायची गरज नाही. मी दुसरा गेम सुरू केलाय.

पाचवाप्रयत्न
१४४ केलं. केबल कार्डालाच होती. एक्सएमपी बंद निघालं, ते चालू केलं. रॅमची काडी एकच आहे. फ्रेम जनरेशन बंद करून ऐंशीच्या आसपास मिळतायत, माऊस हातात आला. दोन वर्षं हा मॉनिटर साठवर चालवत होतो.

पडद्यामागे
दुसरी काडी घेताना पहिलीच्याच वेगाची आणि आकाराची घे, आणि मॅन्युअलमध्ये बघून योग्य खाचेत बसव. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी.