पोफळीला हॅमॉक बांधला आणि रात्रभर केळं होऊन झोपलो, काय चुकलं?

पावसाळी_पाय, फोंडा
मंडळी, पहिल्यांदाच हॅमॉक (दोन झाडांत बांधायची कापडी झोळी) घेतलाय. नायलॉनचा, ३.३ मीटर लांब, अर्ध्या किलोच्या आत, सोबत वर छतासारखं बांधायला ३ बाय ३ मीटरचं सिलनायलॉनचं (सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचं) टार्प. टेंट पाठीवर वाहून कंटाळलो आणि डिसेंबरात गोव्याच्या सीमेवर चोर्ला-सुर्ला घाटाच्या बाजूला दोन-तीन दिवस चालायचा बेत आहे, म्हणून गेल्या शनिवारी सत्तरीत मावशीच्या कुळागरात (बागायतीत) रंगीत तालीम केली.

दोन पोफळी बघितल्या, अंतर बरं वाटलं, पट्टे गुंडाळले आणि जमिनीला टेकायला नको म्हणून जीव खाऊन ताणला, अगदी तंबोऱ्याच्या तारेसारखा. मी ७५ किलोचा. बसलो तशा दोन्ही पोफळी एकमेकींच्या कानात काहीतरी सांगायला आल्यासारख्या आत वाकल्या, मावसभाऊ हसून हसून खाली बसला. तरी झोपलो हट्टाने. पाठ केळ्यासारखी, गुडघे उलटे मोडल्यासारखे, कापड खांदे आवळतंय. त्यात दोनच्या सुमाराला परतीचा पाऊस आला, गडगडाटासकट. टार्पमधून एक थेंब आला नाही पण माझ्या ढुंगणाखाली तळं! आणि टार्प सुरुवातीला मस्त ताठ होतं ते तासाभरात जुन्या लुंगीसारखं लोंबायला लागलं. तीन वाजता मावशीच्या पडवीत जाऊन झोपलो, झालं.

तर किती ताणायचा, पाणी आलं कुठून, आणि ३ बाय ३ पुरतं का की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली निळी ताडपत्री घेऊ?

झोळीवाली_ताई, डिचोली
अरे तुझ्या आजीने तुला लुगड्याच्या झोळीत झोपवलं असेल ना, ती झोळी कधी ताणलेली पाहिलीस? खोल असते म्हणून पोर निवांत झोपतं. हॅमॉकचं तेच. ताणला की कडा वर येऊन तुला भज्यासारखं गुंडाळणार.

झाडाकडे जाणारा पट्टा आडव्या रेषेशी साधारण ३० अंश करायला हवा. मोजायला काही लागत नाही, बोटांची पिस्तूल कर, अंगठा सरळ वर आणि तर्जनी आडवी, अंगठ्याच्या टोकापासून तर्जनीच्या टोकाकडे जी तिरकी रेष जाते तो झाला तुझा ३० अंश, पट्टा तिच्याशी जुळला की थांब. ह्याला कारण आहे, नुसता आराम नाही. ३० अंशाला तू पडलास की प्रत्येक पट्ट्यावर तुझ्या वजनाएवढाच ताण येतो, म्हणजे ७५ किलो. तोच कोन १० अंशावर आणलास तर प्रत्येक बाजूला २१५ किलोच्या आसपास! पोफळी वाकल्या नसत्या तरच नवल.

झाडं साडेचार मीटरवर असतील तर पट्टा साधारण डोक्याच्या उंचीला बांध, बसल्यावर बूड जमिनीपासून हात-दीड हाताच्या आत राहिलं पाहिजे, त्याहून उंच कशाला, पडलास तर मावसभावाला अजून एक निमित्त. आणि टोकापासून टोकाकडे सरळ रेषेत झोपू नकोस. डोकं डावीकडे असेल तर पाय उजवीकडे, तिरका पड, मग कापड सपाट होतं आणि गुडघ्याचं दुखणं बंद. मी तर दोन टोकांमध्ये बारीक दोरी कायमची बांधून ठेवलीय, हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के, तुझ्या मापाला २.७५ मीटर. मग झाडं जवळ असोत लांब असोत, झोळ तोच राहतो, रोज हिशोब नको. वर तिला टॉर्च आणि चष्मा अडकवता येतो.

सुशेगाद_सायब, मडगाव
माडाखाली बांधू नको एवढंच सांगतो. नारळाला तुझा अँगल कळत नाही 😄

जांभा, साखळी
ताईंनी झोपायचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. पात्रांव, पाणी वरून आलंच नाही, झाडावरून आलं. खोडावरून ओघळतं, पट्ट्यावर येतं, पट्ट्यावरून उताराने सरळ तुझ्या कापडात, आणि सगळ्यात खोल जागा तुझं बूड. टार्पच्या आतल्या बाजूला, पट्ट्यावर हॅमॉक सुरू होण्याआधी, सुती नाडीचा तुकडा बांध आणि वीतभर खाली लोंबता सोड, बुटाची जुनी नाडीही चालते. पाणी तिथून खाली गळून जातं. दोन्ही बाजूंना हं, मी एकदा पायाकडचा विसरलो, सकाळी मोजे पिळले.

लुंगी का झाली तर सिलनायलॉन पाणी पितं आणि सैल पडतं, तुझ्या बांधण्यात दोष नाही. पाऊस लागल्यावर अर्ध्या तासाने हात बाहेर काढून एकदा ताणायचं. म्हणून बाजूच्या दोऱ्यांना सरकती गाठ हवी, पक्की मारलीस की अंधारात ओली गाठ सोडवत बसशील आणि शिव्या देशील. सिलपॉली (तसंच, पण पॉलिएस्टरचं) कमी सैल पडतं, पण आता घेतलंयस ते वापर की.

३ बाय ३ पुरतं, थोडी मारामारी आहे. सरळ बांधलंस तर टोकांना जेमतेम वीतभराच्या आतच पडदा उरतो, तिरका पाऊस आला की डोकं नाहीतर पाय भिजणार. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, शंकरपाळीसारखं लावलंस तर वरची रेषा ४.२ मीटर होते, टोकं झाकली जातात पण बाजू उघड्या. डिसेंबरात शंकरपाळी चालेल, पावसात सरळ लाव, जमिनीलगत लाव, वाऱ्याकडची बाजू आणखी खाली. निळी ताडपत्री मोटारसायकलवर न्यायला ठीक, पाठीवर नको.

आणि मेखा! वर सड्यावर (पठारावर) जांभा दगड आहे, ॲल्युमिनियमच्या मेखा घेऊन गेलास की वाकड्या होऊन परत येतील, माझ्या चार तशाच गेल्या. दोरीच्या टोकाला मोठा फास ठेव, त्यात सुकं लाकूड घाल आणि लाकडावर दोन चिरे नाहीतर दगड. दगडालाच दोरी गुंडाळू नकोस, जांभ्याची धार बारीक दोरी कापते.

नाईट_ड्युटी, वास्को
पट्टे कशाला, जेटीवरची नायलॉन दोरी आहे माझ्याकडे, फुकट देतो.

झोळीवाली_ताई, डिचोली
नको बाबा. बारीक दोरी झाडाची साल कापते आणि नायलॉन भिजलं की रात्रभर हळूहळू खाली आणतं, सकाळी गवतात उठशील. इंचभर रुंद पॉलिएस्टरचे पट्टेच हवेत.

वाट_चुकलेला, वाळपई
दोन गोष्टी कोणी बोललंच नाही. चोर्ला-सुर्लाकडचं बरंचसं रान म्हादई अभयारण्यात येतं, १९९९ पासून. तिथे आत जायला वनखात्याची परवानगी लागते, रात्र काढायची तर आधी विचार, नाहीतर गावात कुणाच्या बागायतीत विचारून बांध. सत्तरीत लोक नाही म्हणत नाहीत सहसा, सकाळी चहाही मिळतो.

दुसरं, गोचीड. डिसेंबर ते मे माकडतापाचे (गोचीड चावून होतो तो) दिवस, आणि सत्तरीला तो नवा नाही, २०१५ नंतर काजूत काम करणाऱ्या लोकांनी भोगलाय. हॅमॉकमध्ये जमिनीपासून वर असतोस ते चांगलंच, पण सगळे करतात ती चूक म्हणजे सॅक पातेऱ्यावर (सुक्या पानांवर) टाकून देतात आणि मग तीच कुशीत घेऊन झोपतात. सॅक झाडाला टांग. पातेऱ्यावर बसू नकोस, फुल पँट मोज्यात खोव, रात्री टॉर्चने काखा-जांघा बघून घे. माकड मेलेलं दिसलं तर तिथून निघ आणि आरोग्य केंद्रात कळव. परत आल्यावर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरला रानात होतो हे आधी सांग.

झाड निवडताना आधी वर बघ, सुकी फांदी नको. मग खोडावर बघ, आंबा-काजूवर हुमले (चावऱ्या तांबड्या मुंग्या) असतात, पट्टा म्हणजे त्यांच्यासाठी पूलच. मी एकदा काजूला बांधला, पहाटे मानेवर रांग. माट्टीचं (ऐनाचं) मांडीएवढं जाड खोड मिळालं तर सोडू नको.

पावसाळी_पाय, फोंडा
देव बरें करूं सगळ्यांना! काल परत गेलो, ह्यावेळी फणस आणि माट्टी. पिस्तुलाच्या बोटांनी मोजून बांधला, मावसभाऊ म्हणाला हा तर खाली लोंबतोय, मी म्हटलं झोप एकदा. झोपला तो उठेचना, शेवटी मी पडवीत. नाड्या बांधल्यात पण पाऊसच नाही आला, म्हणून कळशीने पट्ट्यावर पाणी ओतून बघितलं, खरंच नाडीवरून टपटप खाली. पहाटे मात्र पाठ गार पडली म्हणे त्याची, स्लीपिंग बॅग असून. असं का?

जांभा, साखळी
तुझ्या वजनाने खालची बॅग चेपते, तिच्यात हवा उरत नाही, खालून वारा. फोमची चटई घाल आत, पाच-सहा मिलीमीटरचीही पुरे, फक्त तिरकं झोपल्यावर ती सरकते. खांद्याकडे रुंद कापून घे. चोर्ल्याला डिसेंबरात नक्की लागेल, तिथे आठशे मीटरची उंची आहे.

सुशेगाद_सायब, मडगाव
फणसाखाली?? 😳

पावसाळी_पाय, फोंडा
आत्ता फणस नाहीत हो झाडावर. मोजून बघितलं.